इटलीतली डोंगरावरची गावं बघायची असतील, तर मुक्काम नेमका कुठे करायचा?

ते रील तुम्हीही बघितलं असेल. सकाळचं धुकं, वळणावळणाच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळसोट सायप्रसची झाडं, टेकडीच्या माथ्यावर एक दगडी गाव आणि खाली लिहिलेलं, ‘टस्कनी’. मग घरात इटलीचा विषय निघतो आणि बेत ठरायला लागतो.

हा बेत बहुतेक वेळा दोन प्रकारे ठरतो. पहिला प्रकार म्हणजे फ्लोरेन्समध्ये हॉटेल घ्यायचं आणि तिथून रोज एक गाव बघायचं. दुसरा म्हणजे सात दिवसांत पाच गावं आणि पाच हॉटेलं. कागदावर दोन्ही बेत छान दिसतात. प्रत्यक्षात फ्लोरेन्सहून पिएन्झाला जाऊन यायचं म्हटलं तर साडेतीन-चार तास रस्त्यातच जातात. आणि पाच हॉटेलं घेतली तर रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज दुपारी त्या दगडी चढावरून ओढत न्यायच्या.

म्हणून बरेच लोक तिसरी पद्धत वापरतात. एकाच ठिकाणी, शक्यतो गावाबाहेर शेतातल्या घरात, आठवडाभर बिऱ्हाड मांडायचं. रोज सकाळी निघायचं, एक-दोन गावं बघायची, रात्री परत यायचं. पद्धत सोपी आहे, पण ती पूर्णपणे एका निर्णयावर उभी आहे. ही जागा कुठे घ्यायची?

हा निर्णय घाईत घेऊन चालत नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबतच मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं. म्हणजे प्रत्यक्ष जाण्याच्या कितीतरी आधी, घरी बसून नकाशा बघतच तो घ्यायचा असतो. जागा चुकली, तर साठवून ठेवलेली सुट्टी गाडीत बसून जाते. तेव्हा ही निवड कशी करायची ते नीट समजून घेऊ.

मुळात ही गावं डोंगरावर का आहेत?

हे कळलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मध्य इटलीतली व्होल्तेर्रा, कोर्तोना, पेरुजा, ओर्व्हिएतो ही गावं रोमन लोकांच्याही आधीची, एट्रस्कन लोकांची आहेत. उंचावर राहिलं की शत्रू लांबून दिसतो, हे त्यांना माहीत होतं. मध्ययुगात सिएना, फ्लोरेन्स, पेरुजा अशी शहरं एकमेकांशी सतत लढत होती, तेव्हा या गावांभोवतीच्या भिंती आणखी पक्क्या झाल्या. सान जिमिन्यानोमध्ये तर श्रीमंत घराण्यांनी एकमेकांच्या चढाओढीत उंच उंच मनोरे बांधले. त्यातले १४ आजही उभे आहेत.

दुसरं कारण मलेरियाचं. आज जी सपाट, सुपीक शेती दिसते, त्यातला बराच भाग एकेकाळी दलदल होता. कोर्तोना आणि मोन्तेपुल्चानो यांच्या मधल्या ‘वाल दि कियाना’ या खोऱ्याचा नकाशा लिओनार्दो दा विंचीने १५०२ च्या सुमारास काढला होता. त्यात खोऱ्याच्या मधोमध पाणीच पाणी दिसतं. १८व्या आणि १९व्या शतकात कालवे काढून आणि गाळ भरून ही जमीन कोरडी केली गेली. तोपर्यंत शहाणा माणूस वरच राहायचा.

याचा परिणाम आजच्या प्रवाशाला रोज भोगावा लागतो. गाव वर आहे आणि रेल्वे, महामार्ग, सुपरमार्केट, पेट्रोलपंप हे सगळं नंतर आलेलं असल्यामुळे खाली आहे. ओर्व्हिएतोचं स्टेशन खडकाच्या पायथ्याशी आहे. असिसीचं स्टेशन मुख्य गावापासून काही किलोमीटर खाली, सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे. कोर्तोनाचं जवळचं स्टेशन खालच्या कामुचा गावात आहे. आपल्याकडे गड वर आणि बाजारपेठ पायथ्याच्या गावात असते, तशीच ही रचना. गड बघायला जाणारा माणूस पायथ्याला मुक्काम का करतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शेतातली दगडी घरं राहायला कशी काय मिळतात?

याच्या मागे एक जुनी शेतीपद्धत आहे. टस्कनी, उंब्रिया आणि मार्के या भागांत कित्येक शतकं ‘मेझ्झाद्रिया’ नावाची पद्धत होती. जमीनदाराने जमीन आणि घर द्यायचं, कुळाने सहकुटुंब तिथे राहून शेती करायची आणि उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. आपल्याकडे अर्धेलीने शेत करतात, तोच प्रकार. फरक असा की तिथलं कूळ गावात न राहता त्या त्या शेतातच राहायचं. म्हणून त्या टेकड्यांवर दर थोड्या अंतरावर एकेकटं दगडी घर दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कारखान्यांच्या शहरांकडे निघाले. १९६४ च्या कायद्याने नवे मेझ्झाद्रिया करार करायला बंदी आली. हजारो घरं ओस पडली. पुढे शेतकऱ्यांनीच त्यातली बरीच दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली. १९८५ मध्ये यासाठी पहिला राष्ट्रीय कायदा झाला आणि सध्याचा कायदा २००६ चा आहे. या व्यवस्थेचं नाव ‘आग्रितुरिस्मो’.

हे नाव बुकिंग करताना महत्त्वाचं आहे. कायद्यानुसार आग्रितुरिस्मो म्हणजे खरोखर चालू असलेली शेती. शेती हा मुख्य व्यवसाय आणि पाहुणे हा जोडधंदा, असंच प्रमाण ठेवावं लागतं. म्हणजे तिथे ऑलिव्हची झाडं, द्राक्षमळा, कोंबड्या आणि पहाटे सुरू होणारा ट्रॅक्टर हे सगळं असू शकतं. ‘कासा व्हाकान्झे’ म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर. तिथे शेती असेलच असं नाही.

गावात राहायचं की शेतात?

दोन्हीचे फायदे आहेत, आणि तोटेही आहेत.

भिंतींच्या आत, गावातच राहिलात तर संध्याकाळ तुमची असते. दिवसाच्या बस निघून गेल्या की सान जिमिन्यानोसारखं गजबजलेलं गावही शांत होतं. जेवायला चालत जाता येतं. पण गाडी भिंतीबाहेर ठेवावी लागते, सामान चढावरून न्यावं लागतं आणि जुन्या घरांमध्ये लिफ्ट क्वचितच असते. सोबत गुडघेदुखी असलेले आई-बाबा असतील तर रोज तीन वेळा हा चढ-उतार जड जातो.

शेतात राहिलात तर गाडी दाराशी, स्वयंपाकघर हाताशी आणि मुलांना हुंदडायला अंगण. त्याच पैशांत जागाही सहसा मोठी मिळते. पण दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. रात्री जेवून परतताना अंधारात वळणावळणाचा रस्ता असतो आणि त्यावर रानडुक्कर आडवं येऊ शकतं.

दोन-तीन रात्रींसाठीच जाणार असाल तर सरळ गावात राहा. पाच किंवा जास्त रात्री असतील आणि गाडी असेल, तर शेतातलं घर. गाडी नसेल, तर स्टेशनजवळचं गाव. एवढं ठरवलं तरी अर्धं काम होतं.

पहिला प्रश्न गाडीचा

इटलीत गाडी चालवायला भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्याआधीच काढावा लागतो. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालते. गिअर बदलावे न लागणारी गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं स्पष्ट निवडावं, कारण साध्या गिअरच्या गाड्या तिथे भरपूर असतात. अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड सहसा मागतात.

पंपावर एक शब्द लक्षात ठेवा. ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गाझोलिओ’ म्हणजे डिझेल. गाझोलिओ वाचून ‘गॅसोलिन’ आठवतं आणि पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडतं.

सगळ्यात जास्त भारतीय फसतात ते ‘झेडटीएल’मध्ये. जुन्या गावांच्या आतल्या भागात ठराविक वेळी फक्त परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. वेशीवर लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा असतो, अडवणारं कुणी नसतं. तुम्ही आत जाता, बाहेर येता, घरी परतता आणि कित्येक महिन्यांनी दंडाची नोटीस येते. गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमची माहिती पोलिसांना कळवण्याचे पैसे वेगळे कापते. एकाच दिवशी दोनदा आत गेलात तर दोन दंड होऊ शकतात. नकाशाचं ॲप दर वेळी सावध करेलच असं नाही.

यावर उपाय सोपा आहे. भिंतीबाहेरच्या वाहनतळाचं नाव टाकून निघायचं, गावाचं नाव टाकून नाही. रस्त्यावर पांढऱ्या रेषांची जागा सहसा मोफत, निळ्या रेषांची पैसे देऊन आणि पिवळ्या रेषांची राखीव असते. तुमचं हॉटेलच झेडटीएलच्या आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. शेतातल्या घराचा हा एक मोठा फायदा. निदान मुक्कामापुरता झेडटीएलचा विषयच संपतो.

नकाशावर किलोमीटर नको, मिनिटं मोजा

दोन गावांमधलं अंतर २३ किलोमीटर दिसतं आणि आपण म्हणतो, अरे, अर्ध्या तासाच्या आत पोहोचू. पण टेकडीवरून उतरायचं, दरी ओलांडायची आणि दुसरी टेकडी चढायची. पिएन्झा ते मोन्ताल्चिनो एवढंच अंतर आहे आणि अर्धा तास तरी सहज जातो. सान जिमिन्यानो ते व्होल्तेर्रा साधारण ३० किलोमीटरला पाऊण तास लागतो. आपल्याकडच्या घाटातला हिशोब लावा, सपाट महामार्गाचा नको.

म्हणून जागा निवडताना एक काम करा. जी गावं नक्की बघायची आहेत त्यांची यादी करा. सहा-सात पुरे. मग विचाराधीन घरापासून प्रत्येक गावापर्यंत गाडीने लागणारी वेळ बघा. बहुतेक गावं पाऊण तासाच्या आत आणि एखाद-दुसरं तासाभरावर असेल, तर जागा बरोबर आहे. अर्ध्याहून जास्त गावं तासाच्या पलीकडे असतील, तर घर कितीही सुंदर असो, ते सोडा.

‘टस्कनी’ हे एकच नाव असल्यामुळे इथे गल्लत होते. व्होल्तेर्रा टस्कनीत आणि पिएन्झाही टस्कनीतच. पण दोघांमध्ये गाडीने जवळपास दोन तास आहेत. एका घरातून ही दोन्ही टोकं गाठायचा हट्ट धरू नये.

पाच भाग, पाच स्वभाव

१. सिएना आणि सान जिमिन्यानोच्या मधला पट्टा. सिएना, सान जिमिन्यानो, व्होल्तेर्रा, कोल्ले दि वाल देल्सा आणि गोल तटबंदीचं इवलंसं मोन्तेरिज्जोनी इथून जवळ. फ्लोरेन्सही चौपदरी रस्त्याने साधारण तासाभरावर. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आणि फ्लोरेन्सचा एखादा दिवस जोडायचा असणाऱ्यांना सोयीचा. गर्दीही इथेच जास्त.

२. वाल दॉर्चा. रीलमध्ये दिसणारे सायप्रस बहुतेक वेळा इथले. पिएन्झा, मोन्ताल्चिनो, सान क्विरिको, आणि चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंड असलेलं बान्यो व्हिन्योनी. पिएन्झा हे आधी कोर्सिन्यानो नावाचं साधं खेडं होतं. तिथे जन्मलेला माणूस पोप पायस दुसरा झाला आणि त्याने १४५९ पासून आपलं गाव नव्याने बांधून घेतलं. हे संपूर्ण खोरं २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. दृश्यं अप्रतिम, पण गाडीशिवाय इथे राहणं अवघड आणि महामार्गही जरा लांब.

३. वाल दि कियाना आणि त्राझिमेनो तळ्याचा परिसर. टस्कनी आणि उंब्रियाच्या सीमेवरचा हा भाग रीलमध्ये फारसा दिसत नाही. जमीन बरीचशी सपाट, घरं त्या मानाने साधी. पण कोर्तोना, मोन्तेपुल्चानो, पिएन्झा, आरेझ्झो, पेरुजा हे सगळं आवाक्यात, आणि रोम-फ्लोरेन्स महामार्ग व जुना रेल्वेमार्ग दोन्ही इथूनच जातात. गावं जास्तीत जास्त बघायची असतील तर या भागाला पर्याय कमी.

४. उंब्रियाचं खोरं. पेरुजा, असिसी, स्पेल्लो, बेव्हान्या, मोन्तेफाल्को, त्रेव्ही, स्पोलेतो. खोऱ्याच्या कडेने ही गावं माळेसारखी लागतात. असिसी ते स्पेल्लो तर जेमतेम १२ किलोमीटर. त्यातली बरीच रेल्वेवर आहेत, म्हणून गाडी नसणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत चांगला.

५. ओर्व्हिएतोचा परिसर. ओर्व्हिएतो, तोदी, बोल्सेना तळं, आणि झिजत चाललेल्या मऊ खडकावर उभं असलेलं चिव्हिता दि बान्योरेज्जो. तिथे पायपुलावरून चालतच जावं लागतं आणि प्रवेशाचं तिकीट असतं. रोम जवळ असल्यामुळे ज्यांना रोमलाच उतरायचं आणि रोमहूनच परतायचं आहे त्यांना हा भाग चांगला.

गाडी नसेल तर?

मग शेतातल्या घराचा मोह सोडा आणि रेल्वेचा नकाशा उघडा. फोलिन्यो हे सपाटीवरचं साधं शहर आहे, पण दोन रेल्वेमार्ग तिथे मिळतात. एका दिशेला स्पेल्लो, असिसी, पेरुजा, तर दुसऱ्या दिशेला त्रेव्ही आणि स्पोलेतो. स्पेल्लोमध्ये तर स्टेशनवरून चालत जुन्या रोमन वेशीपर्यंत जाता येतं. दुसरा पर्याय रोम-फ्लोरेन्सच्या जुन्या मार्गावरचा. आरेझ्झो, कामुचा, तेरोन्तोला, कियुझी आणि ओर्व्हिएतो ही स्टेशनं ओळीने लागतात.

साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंत, तर बसण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. रविवारी आणि सणाच्या दिवशी गावांकडे जाणाऱ्या बस फार कमी असतात, त्यामुळे ते दिवस रेल्वेवरच्या गावांसाठी ठेवा.

वयस्कर माणसं सोबत असतील त्यांच्यासाठी एक चांगली बातमी. यातल्या काही गावांनी वर चढायला सरकते जिने बसवले आहेत. पेरुजामध्ये ते थेट जुन्या किल्ल्याच्या पोटातून वर नेतात. सिएना, कोर्तोना, आरेझ्झो, स्पोलेतो आणि ओर्व्हिएतोमध्येही अशी सोय आहे. ओर्व्हिएतोच्या स्टेशनसमोरून तर दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वेच वर जाते. मोन्तेपुल्चानोचा मुख्य रस्ता मात्र वेशीपासून वरच्या चौकापर्यंत चढतच राहतो. तिथे त्यांना खालीच कॉफी घेऊन बसवलं तर कुणाचंच बिघडत नाही.

घर नक्की करण्याआधी काय विचारायचं?

रस्ता डांबरी आहे का? शेतातल्या घरांकडे जाणारे बरेच रस्ते ‘स्त्रादा बिआंका’, म्हणजे पांढऱ्या मुरमाचे असतात. एक किलोमीटर असेल तर काही वाटत नाही. पाच किलोमीटर असेल तर रोज जाता-येता दहा किलोमीटर धूळ आणि खडखडाट, पावसात चिखल.

किराणा दुकान किती मिनिटांवर आहे? दहा मिनिटांच्या आत असावं. लहान गावांतली दुकानं दुपारी काही तास बंद असतात आणि रविवारी दुपारनंतर बरीचशी उघडतच नाहीत.

भाडं कधीपासून कधीपर्यंत? उन्हाळ्यात बरीच घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे बघा.

भाड्यात काय धरलेलं नाही? शेवटची साफसफाई, थंडीतला हीटर, कधी कधी वीज, हे वेगळं आकारलं जातं. बहुतेक ठिकाणी माणशी, रात्रीमागे पर्यटक कर असतो आणि तो तिथे गेल्यावर भरावा लागतो.

एसी आहे का? जाड दगडी भिंती गारवा धरतात हे खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या मजल्यावर ते पुरत नाही.

ओळख क्रमांक आहे का? पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना इटलीत ‘चिन’ नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. क्रमांक नसेल आणि मालक पैसे थेट खात्यात मागत असेल, तर पुढे जाऊ नका.

स्वयंपाकघरात काय आहे? कुकर नसतो. पास्त्याचं मोठं पातेलं आणि कॉफीची मोका मात्र हमखास असते. शाकाहारी लोकांना या भागात उपाशी राहावं लागत नाही. टस्कनीची माणसं पूर्वीपासून घेवडा खाणारी म्हणून ओळखली जातात. त्राझिमेनोच्या काठी पिकणारी ‘फाजोलिना’ ही जातीने आपली चवळीच आहे, आणि उंब्रियातल्या कास्तेल्लुच्चोची मसूर प्रसिद्ध आहे. उंब्रियात ‘तोर्ता अल तेस्तो’ नावाची तव्यावरची जाड रोटी मिळते. टस्कनीचा पाव मात्र बिनमिठाचा असतो, तो खराब झालाय असं समजू नका. हॉटेलात सूप किंवा भात मागवताना ‘ब्रोदो’ मांसाचा आहे का, हे विचारून घ्या. आणि चीज कटाक्षाने पाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की पेकोरिनोसारख्या पारंपरिक चीजमध्ये सहसा प्राण्यापासून मिळणारं रेनेट असतं.

कधी जायचं?

आपल्या शाळांची सुट्टी इथे कामी येते. एप्रिल-मे मध्ये टेकड्या हिरव्यागार असतात आणि दिवसही मोठा असतो. मात्र ईस्टर, २५ एप्रिल आणि १ मे या दिवसांत इटलीचे लोकही फिरायला निघतात. रीलमधली हिरवळ बघून ऑगस्टमध्ये गेलात तर टेकड्या तपकिरी आणि नांगरलेल्या दिसतील. २ जुलै आणि १६ ऑगस्टला सिएनामध्ये पालियो, म्हणजे घोड्यांची शर्यत असते. ती बघायची नसेल तर त्या दिवशी तिकडे फिरकू नका.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑलिव्हची तोडणी बघायला मिळेल, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाच-साडेपाचलाच अंधारतं. त्या दिवसांत मुक्काम गावाजवळ आणि डांबरी रस्त्यावरच घ्या.

एका आठवड्याचा नमुना

समजा चार जणांचं कुटुंब आहे, गाडी आहे आणि घर त्राझिमेनो तळ्याच्या पश्चिमेला, कास्तिल्योने देल लागोच्या आसपास घेतलं आहे.

शनिवारी पोहोचायचं, वाटेत किराणा भरायचा आणि लवकर झोपायचं. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी हातात घेऊ नका. आदली रात्र रोम किंवा फ्लोरेन्सला काढलेली बरी. रविवारी अर्ध्या तासावरचं कोर्तोना. सोमवारी बरीच सरकारी संग्रहालयं बंद असतात, म्हणून त्या दिवशी मोन्तेपुल्चानो आणि पिएन्झा, जिथे रस्ते आणि दृश्यंच बघायची आहेत. मंगळवारी गाडी बंद. तळ्यातल्या इझोला माज्जोरे बेटावर बोटीने जायचं, बाकी वेळ घरी. बुधवारी असिसी आणि स्पेल्लो. गुरुवारी ओर्व्हिएतो. शुक्रवारी सिएना किंवा आरेझ्झो, ज्याला जे जमेल ते. शनिवारी सकाळी किल्ली परत.

मोजलंत तर सात गावं होतात, बॅग एकदाच उघडली जाते आणि सिएना सोडलं तर कुठल्याही दिवशी एका बाजूचा प्रवास फार तर तासाभराचा असतो. मंगळवारचा रिकामा दिवस बघून बऱ्याच जणांचा हात तिथे आणखी एक गाव लिहायला शिवशिवतो. तेवढं करू नका. सलग दोन दिवस चढ चढल्यावर त्या दिवशी अंगणातल्या खुर्चीत बसायला सगळ्यात आधी आई-बाबा तयार असतील.